सगळ्यांचंच काढतात

अपेंडिक्स सगळ्यांचंच काढतात, अशी मावशीची पक्की समजूत होती. लहानपणी लस टोचतात, पुढे दुधाचे दात पडतात आणि सोळावं लागलं की अपेंडिक्स काढतात. त्यात विचारण्यासारखं काय आहे? हसू नका. ती जिथे वाढली तिथे खरोखरच सगळ्यांचं काढत होते.

ती वाढली संस्थेत. संस्था म्हणजे मंदबुद्धीच्या मुलींसाठी सरकारनं चालवलेलं मोठं घर, उंच भिंतीचं आणि एकाच दाराचं. मावशीला अक्षरं उशिरा आली, वर्गात ती खिडकीबाहेर बघत बसायची आणि बाप दारू प्यायचा, एवढ्या भांडवलावर तिला तिथे पाठवलं. आत घेताना एका डॉक्टरनं तिच्या डोक्याभोवती मापाची फीत धरली, लाकडी ठोकळे भोकांत बसवायला लावले आणि एक चित्र समोर धरून ह्यात काय राहिलंय असं विचारलं. चित्रात जेवणाच्या टेबलावर काटे होते, सुऱ्या नव्हत्या. तिच्या घरी दोन्ही नव्हतं. "काही राहिलं नाही, छान मांडलंय," ती म्हणाली, आणि डॉक्टरनं काहीतरी लिहून घेतलं. ती मंद होती की नव्हती, ह्याचा निकाल ह्या गोष्टीत लागणार नाही, आणि माझं विचाराल तर तो लागायची काही गरजही नाही.

संस्थेच्या जेवणघरात भिंतभर एक चित्र होतं. एका बाजूला किडकं कणीस, दुसऱ्या बाजूला टपोऱ्या दाण्यांचं. खाली लिहिलं होतं, 'वाण निवडा, देश घडवा.' मुली त्याच्याखाली बसून पाव आणि पातळ सूप खायच्या आणि त्यांना वाटायचं, हे शेतीचं चित्र आहे. अधूनमधून सूटबूटवाले पाहुणे यायचे. त्यांच्यातला एक विद्वान फळ्यावर वंशावळ काढून दाखवायचा: हा दारुडा आजोबा, ही त्याची वेडसर मुलगी, ही तिची पोरं, ह्यांतली निम्मी तुरुंगात. पाहुणे माना डोलवायचे. पाहुण्यांच्या स्वतःच्या पोरांनी काय दिवे लावले त्याची वंशावळ मात्र कुणी काढली नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

ऑपरेशनचं कारण संस्थेच्या मोठ्या बाई सगळ्यांना एकच सांगायच्या. "अपेंडिक्स आज ना उद्या दुखणारच. आधीच काढलेलं बरं." ज्या मुलीचं ऑपरेशन होई तिला आठवडाभर काम नसे, रोज एक उकडलेलं अंडं मिळे आणि खिडकीजवळची कॉट मिळे. आणि मुख्य म्हणजे, ज्यांचं झालं त्यांनाच बाहेर नोकरीवर सोडत. त्यामुळे मुली आपली पाळी कधी येते ह्याची वाट बघत. मावशीचं झालं तेव्हा तिला पास झाल्यासारखं वाटलं. आयुष्यात पास झालेली तिची ती एकच परीक्षा.

संस्थेनं मग तिला लाँड्रीत चिकटवून दिलं. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं तिथे धुऊन, रोलरमधून काढून, घड्या घालून परत जायचं. तिथल्या निम्म्या बायका संस्थेतूनच आलेल्या. म्हणजे निम्म्या बायकांचं अपेंडिक्स काढलेलं. मावशीची समजूत आणखी पक्की झाली.

तिचं लग्नही झालं. लाँड्रीची दारं दुरुस्त करायला एक सुतार यायचा, तो दारं दुरुस्त झाल्यावरही येत राहिला. मोठा भला माणूस. लग्नानंतर त्यानं स्वतःच्या हातानं पलंग केला तो तिघांच्या मापाचा. "नंतर पुन्हा कोण करत बसणार?" तो म्हणाला. नंतर मात्र काही झालं नाही. कुणी सांगितलं म्हणून दोघांनी कडू काढे घेतले, कुणी सांगितलं म्हणून चहा सोडला, पुन्हा सुरू केला. सासू होती तोवर टोमणे मारायची, मग तीही गेली. पलंगावर दोघंच झोपत राहिली, मध्ये जागा सोडून.

आता मावशी पन्नाशी ओलांडलेली. सुतार छातीच्या दुखण्यानं वारल्यावर ती पलंगासकट धाकट्या बहिणीकडे राहायला आली. धाकटी शाळेत हुशार निघाली होती, सरकारी कचेरीत कारकून होती, नवरा वारलेला, पदरी एकच मुलगी. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी मनात आलं की ती जागच्या जागी गोल फिरत सुटायची. आता ती सतरा-अठराची, अंगानं थोराड, हसली की घर भरून जायचं, पण शिकवणं म्हणाल तर पालथ्या घड्यावर पाणी. घड्याळ कळत नसे. बसचा नंबर लक्षात राहत नसे. आणि डोक्यात एक प्रश्न शिरला की उत्तर मिळेपर्यंत ती समोरच्याला सोडत नसे. तिच्यापुढे धाकटीच्या कचेरीतल्या साहेबानंही हात टेकले असते.

मावशी तिला बरोबर लाँड्रीत नेऊ लागली. चादरीची घडी एकटीनं होत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, चादर ताणून झटकायची, मग एकीनं चालत येऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे आणि वाकून खालची दुमड उचलायची. कोण पुढे येणार हे कुणी बोलत नाही, ते नजरेनंच ठरतं. शाळेत ज्या पोरीला काही म्हणता काही जमलं नाही तिला हे आठवड्यात जमलं. चादर झटकताना ती हसायची. पण घडी घालायची ती मावशीबरोबरच. दुसरी कुणी समोर उभी राहिली की हात खाली सोडायची.

गोष्ट बिघडली ती गाडीवाल्यापायी. धुतलेली गाठोडी पोचवणारा हा गाडीवाला भिंगरीला कधीकधी पुढच्या सीटवर बसवून चौकापर्यंत चक्कर मारून आणायचा. धाकटीनं एकदा कचेरीतून येताना पाहिलं, दोघं हातात हात घालून गाडीत बसलेली. तिच्या मनात पाल चुकचुकली. ती कुणाला काही बोलली नाही, पण तिनं इस्पितळात जाऊन चौकशी केली.

मग एका सुट्टीच्या दुपारी तिनं चहा टाकला आणि मावशीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"ताई, भिंगरीचं एक छोटं ऑपरेशन करायचंय. तुझं झालं होतं ना, तसंच."

"अपेंडिक्सचं?"

"हं. तसंच."

"अगं, मग उशीरच केलास की!" मावशी म्हणाली. "सोळाव्यालाच करतात. मी विचारणारच होते तुला. म्हटलं, तू शिकलेली, तुला ठाऊक असणार."

धाकटीचा चहा ओतणारा हात मध्येच थांबला. मग तिनं कप भरला, मावशीपुढे सरकवला आणि खाली बघतच म्हणाली, "तूच सांग तिला. माझं ऐकायची नाही ती. आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे, मुलीनं त्यांच्यासमोर आपल्या तोंडानं हो म्हटलं पाहिजे. तू म्हणालीस की ती म्हणेल."

मावशीला केवढा आनंद झाला! धाकटीनं तिला काही विचारायचं, तिच्यावर काही सोपवायचं, असं ह्या घरात फार होत नसे. ती भिंगरीला घेऊन पलंगावर बसली, सगळं नीट समजावलं आणि कपडा वर करून पोटावरची खूण दाखवली. बेंबीच्या खाली, बरोबर मधोमध, बोटाएवढी पांढरी रेघ.

"दुखलं?"

"थोडंसं. पण रोज अंडं मिळतं."

"रोज?"

"आठवडाभर."

भिंगरीला सौदा पसंत पडला. तिनं खुणेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आईला मिळालं अंडं?"

"मिळालं असणारच. सगळ्यांचंच काढतात."

"आईच्या पोटावर रेघ नाहीये."

"असेल गं."

"नाहीये. मी बघते ना आईला अंघोळीच्या वेळी. नाहीये." आणि ती उठून थेट स्वयंपाकघरात गेली. "आई, तुझं अपेंडिक्स का नाही काढलं?"

"मला गरज पडली नाही," आतून धाकटीचा आवाज आला.

"का नाही पडली?"

"बास झालं आता, भिंगरे. जा, कपडे वाळले का बघ."

"मावशीला का पडली?"

आतून नुसता नळ सोडल्याचा आवाज आला. मावशी पलंगावर तशीच बसून राहिली, कपडा अजून हातात धरून. तिलाही ह्याचं उत्तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत ती बॉयलरपाशी गेली. तिथले काका हे लाँड्रीतले सगळ्यांत जुने, आपल्या आजारपणाच्या कथा रंगवून सांगण्यात पटाईत.

"काका, तुमचं अपेंडिक्स काढलंय ना?"

"काढलंय म्हणजे! मरता मरता वाचलोय, मावशी. फुटलंच होतं." एवढं म्हणून त्यांनी शर्ट वर केलासुद्धा. खूण होती खाली उजवीकडे, पार कमरेच्या हाडाजवळ.

"तुमची बाजूला कशी?"

"मग कुठे असणार? अपेंडिक्स उजवीकडेच असतं."

"मध्ये नसतं?"

"छे, मध्ये कुठलं. मध्ये ते बायकांचं..." काका बोलता बोलता थांबले. त्यांनी मावशीकडे पाहिलं, शर्ट खाली केला आणि वाफ किती चढली ते बघायला पाहिजे असं म्हणत पाठ फिरवली. वाफ काही चढलेली नव्हती.

मावशी तिथून कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि संस्थेतल्या बायकांना एकेक करून बोलावलं. त्यांच्यात एक गप्पी होती, तोंडाचा पट्टा सतत चालू म्हणून तिचं हे नाव. सगळ्यांनी पोटं दाखवली. सगळ्यांची रेघ मधोमध. मग नव्यानं लागलेली एक बाई टॉवेल ठेवायला आत आली, तिला तीन मुलं. तिनं काय चाललंय म्हणून हसत हसत आपलंही पोट दाखवलं. बाळंतपणाच्या वळ्या होत्या, रेघ नव्हती. बाकीच्यांच्या पोटांवर रेघ होती, वळ्या नव्हत्या.

"तुमच्यापैकी कुणाला मुलं नाहीत वाटतं?" तिनं सहज विचारलं.

गप्पी गप्प झाली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. इतकी वर्षं एका टेबलाशी उभं राहून काम केलं, एकमेकींच्या सासवांना शिव्या घातल्या, आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. येणार कसं? प्रत्येकीला वाटत होतं, दोष आपल्या एकटीचा आहे, आणि असल्या बाबतीत झाकली मूठ ठेवलेलीच बरी.

"मला तर त्याच्यावरूनच टाकली नवऱ्यानं," गप्पी म्हणाली. मग हळू आवाजात: "तो कोठीवाला आठवतो का गं?"

सगळ्यांना आठवत होता. संस्थेच्या धान्याच्या कोठीवर असायचा. साखर देतो म्हणून मुलींना आत बोलवायचा, पण धाकट्यांच्या वाटेला कधी गेला नाही. ज्या खिडकीजवळच्या कॉटवरून उठून आलेल्या असत त्यांनाच बोलवायचा.

"त्याला ठाऊक होतं," गप्पी म्हणाली. "सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्यालाच तेवढं नव्हतं."

संध्याकाळी धाकटी भांडी घासत होती आणि भिंगरी अंगणात कपडे काढत होती. मावशी मोरीशी जाऊन उभी राहिली.

"धाकटे, माझ्या पोटातून काय काढलं?"

धाकटीनं नळ बंद केला. "कोण बोललं तुला?"

"कुणी नाही. काय काढलं?"

"काढलं काही नाही, ताई." धाकटीनं हात पुसले, पुन्हा पुसले. "नळ्या बांधल्या. मूल होऊ नये म्हणून."

"तुला केव्हापासून ठाऊक?"

"माझं लग्न ठरत होतं तेव्हापासून. त्यांच्याकडचे विचारायला लागले, मोठीला मूल का नाही, घराण्यात काही दोष आहे का. आईनं त्यांना आतल्या खोलीत नेऊन सांगितलं की दोष नाही, मोठीचं ऑपरेशन केलंय. मी दाराशी उभी होते."

"म्हणजे तुझ्या सासरच्यांनाही ठाऊक."

"हो."

"आणि सुताराला?"

धाकटीनं मान हलवली. नाही, त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

मावशीला राग आला. असा राग तिला जन्मात आला नव्हता, त्याचं काय करायचं हेही तिला कळेना. तिला तो भला माणूस आठवला, नाक दाबून काढा पिणारा. मरेपर्यंत म्हणत होता, माझ्याच अंगात काहीतरी कमी असेल गं. धाकटीचं लग्न ज्या एका वाक्यावर जमलं, तेच वाक्य त्याला कुणी सांगितलं असतं तर तो निदान स्वतःला दोष देत मेला नसता.

"तुझं काय वाईट झालं, सांग बरं," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, कारण ती घाबरली होती. "चांगला नवरा मिळाला, सुखानं राहिलीस. भिंगरी उद्या पोट घेऊन घरी आली तर कोण निस्तरणार? तिला घड्याळ कळत नाही, ताई! ती मूल सांभाळणार? मी गेल्यावर दोघांना कोण बघणार? तू? ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

हे सगळं खोटं नव्हतं. रात्र रात्र जागून धाकटीनं ह्या प्रश्नांशी झटापट केली होती आणि तिला बिचारीला तरी कोण होतं विचारायला? पण मावशीला आता कोठीचं दार दिसत होतं.

"ऑपरेशननं पोट राहणार नाही, एवढंच होतं बघ," ती म्हणाली. "कुणी हात लावणार नाही असं नाही होत. उलट ज्याला ठाऊक असतं त्याचं फावतं. आमचं तसंच झालं." आणि तिनं बहिणीला कोठीवाल्याचं सांगितलं, साखरेसकट.

धाकटीनं ते ऐकलं. ती मोरीच्या कडेला टेकली, पण पुन्हा सरळ उभी राहिली.

"तारीख ठरलीय. तू बरोबर चल, तुझ्याशिवाय ती घराबाहेर पाऊल टाकायची नाही. आणि तिला काही सांगत बसू नकोस. सांगायचंच असेल तर मग तुझा तो पलंग कुठे ठेवायचा तेही बघ."

हे बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलं. पण तिनं शब्द मागे घेतला नाही. मावशीला दुसरं घर नव्हतं, आणि हे दोघींनाही माहीत होतं. भिंगरी कपड्यांचा ढीग घेऊन आत आली आणि चादर कोण धरतंय म्हणून विचारू लागली. मावशीनं कोपरे धरले. भिंगरीला ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. रोज ठरवायची आणि रोज पलंगाकडे बघून गप्प बसायची.

इस्पितळातली खोली लहान होती. भिंतीला फिकट हिरवा रंग, एक खाट, एक स्टूल, खिडकीत औषधाची रिकामी खोकी. खाटेवरची चादर मावशीच्याच लाँड्रीतली, कोपऱ्यावर निळा शिक्का. भिंगरीला मागून बांधायचा झगा घातला होता आणि ती पाय हलवत खाटेवर बसली होती, एकदम खूश.

"अंडं केव्हा?" ती दर माणसाला विचारत होती.

डॉक्टरीणबाई आल्या. वयानं तरुण, बोलायला मऊ, हातात कागद आणि पेन. मुलीला ओरडायचं नाही, ओढायचं नाही, आधी तिच्याशी बोलायचं, ह्याबद्दल त्या मनापासून आग्रही होत्या. त्या स्टुलावर बसल्या, भिंगरीच्या डोळ्याला डोळा भिडेल अशा.

"काय करणार आहोत आज, सांग बघू मला."

"अपेंडिक्स काढणार. सगळ्यांचंच काढतात."

डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिलं.

"तिला झेपेल असं सांगितलंय," धाकटी म्हणाली.

"ठीक आहे. कधीकधी सांगावं लागतं तसं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा भिंगरीकडे वळल्या. "मग? करू या ना? हो म्हण बघू."

भिंगरीनं मावशीकडे पाहिलं. चादर ताणून झाल्यावर, आता कोण पुढे येणार म्हणून बघायची, तसंच पाहिलं आणि थांबली.

मावशीला पलंग दिसला, रस्त्यावर ठेवलेला. तरी ती पुढे झाली.

"अपेंडिक्स नाही ते, भिंगरे. मी तुला चुकीचं सांगितलं. मलाही तसंच सांगितलं होतं. हे ऑपरेशन केलं की मूल होत नाही. कधीच नाही."

"ताई!" धाकटी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. भिंगरी विचार करत होती. ती विचार करायला लागली की तिचे पाय हलायचे थांबत.

"तुला झालं नाही, ते म्हणून?"

"म्हणून."

"तुला विचारलं होतं? पाहिजे का म्हणून?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

भिंगरीला हे काही पटलं नाही. तिनं डॉक्टरीणबाईंकडे तक्रार केली. "मावशीला विचारायचंच राहिलंय."

"अगं, आता त्यांना काय विचारायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पाहिजे का ते." भिंगरी आईकडे वळली. "तू विचार ना, आई."

"भिंगरे, गप बस."

"विचार ना."

"नंतर बोलू घरी."

"आता विचार. राहिलंय ना. विचार ना, आई. विचार."

मी सांगितलंच, उत्तर मिळेपर्यंत ती पोरगी कुणाला सोडत नसे. धाकटी भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं आपल्या मोठ्या बहिणीकडे पाहिलं. तिच्या लग्नात ताईनं सगळ्या पाहुण्यांच्या चादरी घरी धुऊन, इस्त्री करून आणल्या होत्या. भिंगरी झाली तेव्हा बाळंतपण करायला हीच आली होती, आणि बाळाला खाली ठेवायलाच तयार नव्हती. धाकटीला त्या वेळीही ठाऊक होतं. तिनं तेव्हा विचारलं नाही, त्यानंतरही नाही.

"ताई," ती म्हणाली. "तुला हवं होतं का गं?"

मावशीला वाटलं होतं, असं कुणी विचारलं तर आपण खूप बोलू. काढ्यांबद्दल नाही तरी निदान पलंगाबद्दल बोलू, सासूबद्दल, सुताराबद्दल.

"हो," ती म्हणाली. "फार हवं होतं."

बाहेरून एक ढकलगाडी खडखडत गेली. धाकटीनं डोळ्यांना रुमाल लावला नाही, डोळे नुसते वाहू दिले. भिंगरीनं मान डोलावली. विचारायचं राहिलेलं विचारून झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून मांडीवर ठेवला. मग त्यांनी, ह्या खेपेला खरोखरच उत्तर ऐकायचं म्हणून, विचारलं, "आणि तुला, बाळ? तुला काय हवंय?"

भिंगरीनं पुष्कळ वेळ घेतला. खिडकीतल्या खोक्यांकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "माहीत झालं की सांगते."

पेनाला टोपण लागलं. धाकटीनं वाकून खाटेखालच्या चपला काढल्या आणि लेकीच्या पायांपुढे नीट मांडून ठेवल्या.